बिल कोण भरणार? शोगुनशाहीच्या अखेरीचा एक इरसाल सिनेमा

रात्रीची वेळ. एक लुकडा, बोलघेवडा माणूस तीन-चार दोस्तांना घेऊन एका नावाजलेल्या कोठीत शिरतो. दारू येते, मासे येतात, गाणारणी येतात. हा माणूस सगळ्यात दिलदार. ‘आणा अजून’, ‘यांना काय हवं ते द्या’ असं त्याचं चाललेलं. सकाळी दोस्त निघून जातात, हा एकटा मागे राहतो. नोकर हळूच बिलाची आठवण करतो, तर हा म्हणतो, घाई काय आहे, आधी जरा गरम दारू आण. दुपारी पुन्हा तेच, संध्याकाळीही तेच. शेवटी गळ्याशी आल्यावर तो अगदी निवांतपणे सांगतो, पैसे नाहीत. एक छदामसुद्धा नाही.

हा साहेइजी. १९५७ साली जपानच्या निक्कात्सु कंपनीनं काढलेल्या ‘बाकुमात्सु ताइयोदेन’ या कृष्णधवल चित्रपटाचा नायक. दिग्दर्शक युझो कावाशिमा. कुरोसावा किंवा ओझू यांची नावं आपल्याकडे फिल्म सोसायटीत जाणाऱ्या प्रत्येकानं ऐकलेली असतात, कावाशिमाचं सहसा नाही. जपानमध्ये मात्र १९९९ साली ‘किनेमा जुन्पो’ या जुन्या सिनेमासिकानं आजवरच्या सर्वोत्तम जपानी चित्रपटांची यादी केली, तेव्हा हा विनोदी चित्रपट पहिल्या पाचात होता.

मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा निम्मा डोक्यावरून गेला होता. पडद्यावर एकाच वेळी वीसेक माणसं धावतात, सगळी एकमेकांवर ओरडतात, सबटायटल वाचेपर्यंत पुढचा गोंधळ सुरू. वर हे सामुराई कोण, हे इंग्रज कुठून आले, त्या बाईला समुद्रात उडी का मारायची आहे, काहीच कळेना. जपानी प्रेक्षकाला हे सगळं शाळेतल्या इतिहासातून आणि रेडिओवरच्या गोष्टींतून आधीच ठाऊक असतं. आपल्याला नसतं. म्हणून हा लेख.

नावापासून सुरू करू. जपानमध्ये शोगुनच्या सरकारला ‘बाकुफु’ म्हणत. शब्दशः अर्थ तंबूतलं सरकार, म्हणजे सेनापतीच्या छावणीतून चालणारा कारभार. ‘मात्सु’ म्हणजे शेवट. म्हणून ‘बाकुमात्सु’ म्हणजे शोगुनशाहीची अखेर. ‘ताइयो’ म्हणजे सूर्य आणि ‘देन’ म्हणजे आख्यान किंवा चरित्र. सूर्य मध्येच कुठून आला, ते पुढे सांगतो. ती या सिनेमाची खास खोडी आहे.

शोगुन म्हणजे राजा नव्हे. सम्राट क्योतोला होता. पूज्य, पण हातात काही नाही. कारभार शोगुनचा, आणि तो एदोला, म्हणजे आजच्या तोक्योत. साताऱ्याला छत्रपती आणि पुण्यात पेशवे ही मांडणी ज्याला माहीत आहे, त्याला ही दोन गावं लक्षात ठेवायला त्रास होणार नाही. १६०३ मध्ये तोकुगावा इएयासु शोगुन झाला आणि पुढची अडीचशे वर्षं त्याच्याच घराण्यानं राज्य केलं. देशात अडीचशेच्या वर सरंजामी संस्थानं होती. त्यांच्या प्रमुखांवर वचक राहावा म्हणून नियम असा की प्रत्येकानं आलटून पालटून एदोला येऊन राहायचं, आणि बायकामुलं तर कायमची एदोतच ठेवायची. ओलीसच म्हणा. लवाजम्यासह येण्याजाण्यात आणि दोन-दोन घरं चालवण्यात संस्थानांचा पैसा जिरून जाई. बंडाला उरतच नसे.

मग १८५३ मध्ये अमेरिकेचा कमोडोर पेरी चार काळ्या युद्धनौका घेऊन उरागाच्या किनाऱ्याशी येऊन उभा राहिला. बंदरं उघडा, नाहीतर बघा. शोगुनकडे तोफा जुन्या, आरमार जवळजवळ नाहीच. १८५४ ला पहिला तह झाला, १८५८ ला व्यापाराचे करार. सम्राटाची संमती न घेताच ते करार केले म्हणून तरुण सामुराई पेटले. ‘सम्राटाचा मान राखा, परक्यांना हाकला’ ही त्यांची घोषणा. १८६० च्या मार्चमध्ये एदोच्या किल्ल्याच्या साकुरादा दरवाज्याबाहेर, बर्फ पडत असताना, करार करणाऱ्या मुख्य मंत्र्याचं, ई नाओसुके याचं मुंडकं उडवलं गेलं.

इतिहासाच्या पुस्तकात हे एवढंच असतं: तोफा, तह, तलवारी. पण सामान्य माणसाच्या घरात या सगळ्याचा शिरकाव झाला तो पैशातून, आणि ‘बाकुमात्सु ताइयोदेन’ समजायला ती बाजू जास्त उपयोगी आहे. जपानमध्ये तेव्हा साधारण पाच भार चांदीला एक भार सोनं मिळे. बाहेरच्या जगात भाव होता पंधराला एक. १८५९ ला योकोहामा बंदर उघडलं आणि परदेशी व्यापाऱ्यांना हा फरक लगेच दिसला. चांदीचे चार मेक्सिकन डॉलर द्यायचे, करारातल्या दरानं त्याची बारा जपानी चांदीची नाणी घ्यायची, ती देऊन सोन्याच्या तीन मोहरा घ्यायच्या आणि शांघायला जाऊन बारा डॉलरला विकायच्या. काहीही न पिकवता, न बनवता, एका फेरीत पैसे तिप्पट. सोनं भराभर देशाबाहेर जायला लागलं. ते थांबवायला सरकारनं १८६० मध्ये मोहरेतलं सोनंच सुमारे एक तृतीयांशावर आणलं. सोनं वाहायचं थांबलं, पण महागाईचा भडका उडाला. तांदूळ, तेल, रेशीम, सगळंच महाग. मजुरी मात्र होती तिथेच.

सिनेमातलं वर्ष आहे १८६२. बघायला लागलं की लक्षात येतं, यात प्रत्येक पात्राचे पैशाचे वांधे आहेत. सुताराला जुगाराचा नाद, त्यापायी मुलगी कोठीत कामाला ठेवलेली. कोठीतली बाई कपड्यांच्या खर्चापायी रडकुंडीला आलेली. मालकाचा मुलगा बापाचे पैसे उडवणारा. आणि वरच्या मजल्यावर देश वाचवायला निघालेले सामुराई उधारीवर पीत बसलेले. साहेइजी तेवढा एक असा, की जो आपण कफल्लक आहोत हे तोंडानं कबूल करतो. बाकी सगळे लपवतात.

ही कोठी आहे शिनागावाला. एदोहून क्योतोला जाणाऱ्या तोकाइदो या राजमार्गावर त्रेपन्न मुक्काम होते, त्यातला एदोतून निघाल्यावरचा पहिला म्हणजे शिनागावा. एका बाजूला रस्ता, दुसऱ्या बाजूला थेट समुद्र. परवान्याची अधिकृत वेश्यावस्ती एदोत एकच, योशिवारा. शिनागावात फक्त धर्मशाळा-खाणावळींना परवानगी. तिथे प्रवाशांना ‘जेवण वाढणाऱ्या बायका’ ठेवता येत. सरकारी कागदावर अशा वाढपी बायकांची मर्यादा पाचशे. प्रत्यक्षात त्या कितीतरी जास्त असत आणि त्या काय करत हे सरकारलाही ठाऊक होतं. कागद एक आणि व्यवहार वेगळा, याची आपल्याला काही नवलाई नाही.

त्यातली एक प्रसिद्ध कोठी सागामिया. बाहेरून भिंती मातीच्या जाड गोदामासारख्या, म्हणून लोक तिला ‘दोझो सागामी’, गोदामवाली सागामी म्हणत. कोठी खरीच होती. मघाशी सांगितलेल्या ई नाओसुकेचा खून करणाऱ्या मितो संस्थानच्या सामुराईंनी आदल्या रात्री निरोपाची मैफल केली ती इथेच. आणि पावणेतीन वर्षांनी आणखी एक टोळकं इथे बसून कट करत होतं. सिनेमात वरच्या मजल्यावर दिसतात ते हेच लोक.

ते होते चोशु संस्थानचे. म्होरक्या ताकासुगी शिन्साकु, वय तेवीस. बरोबर कुसाका गेन्झुई, शिदो मोंता, इतो शुन्सुके वगैरे. ताकासुगी त्याच वर्षी शांघायला जाऊन आला होता. आपल्याच शहरात चिनी माणसं गोऱ्यांपुढे कशी वागतात हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि उद्या आपली हीच गत होणार या विचारानं तो पेटलेला. शिनागावाला लागूनच गोतेन्यामा नावाची टेकडी आहे. चेरीच्या बहरासाठी एदोकरांची लाडकी जागा. पेरी येऊन गेल्यावर तोफा बसवायला समुद्रात भराव घालून बेटं केली, त्यासाठी माती काढली ती याच टेकडीची. उरलेल्या टेकडीवर आता ब्रिटिश वकिलातीची नवी कोरी इमारत उठत होती. बाकी कशाचं नाही तरी फुलं बघायची जागा गेली म्हणून शिनागावातला शेंबडा पोरगाही चिडला असता.

३१ जानेवारी १८६३ च्या रात्री या मंडळींनी ती जाळली. आत कुणी राहायला आलेलं नव्हतं, त्यामुळे माणूस दगावला नाही. कुंपण लाकडी होतं, ते कापायला इतोनं वाटेत करवत विकत घेतली होती असं सांगतात. कुणी पकडलंही गेलं नाही.

आता यातली गंमत. शिदो मोंता आणि इतो शुन्सुके हे दोघे आग लावून सहा महिने व्हायच्या आत चोरून बोटीत बसले आणि शिकायला गेले कुठे, तर लंडनला. मोंता पुढे इनोउए काओरु या नावानं जपानचा परराष्ट्रमंत्री झाला. इतो हिरोबुमी १८८५ मध्ये देशाचा पहिला पंतप्रधान झाला. १९६३ पासून वीसेक वर्षं हजार येनच्या नोटेवर त्याचा चेहरा होता. कोठीची उधारी करून परक्यांची इमारत जाळणारा पोरगा, आणि पुढे त्याच्याच तोंडाची नोट! सिनेमा आला तेव्हा ती नोट निघायची होती, पण प्रेक्षकाला इतो कोण हे चांगलं माहीत होतं. त्यामुळे पडद्यावर ही पोरं लोळत, भांडत, ‘देशासाठी मरू’ म्हणत बसतात तेव्हा थिएटरात हसू येणारच. कावाशिमा त्यांची टिंगल करत नाही. तो फक्त त्यांना खालच्या मजल्यावरून बघतो.

आणि खालच्या मजल्यावर आहे साहेइजी.

पैसे न देणाऱ्याला तिथे काय करत? त्याला ‘इनोकोरी’, म्हणजे मागे राहिलेला, म्हणत आणि कंदील ठेवायच्या अंधाऱ्या खोलीत डांबत. घरून कुणी पैसे घेऊन येईपर्यंत तिथेच. साहेइजी त्या खोलीत असा पथारी पसरतो जणू भाड्यानं घेतली आहे. औषधाचं भांडं मांडतो, काढे उकळतो, कारण त्याला खोकला आहे, आणि तो साधा खोकला नाही. समुद्राची हवा छातीला बरी म्हणून तर तो शिनागावात आला. मग हळूच बाहेर येतो. गिऱ्हाईक खोळंबलंय, बाई येत नाही, गिऱ्हाईक चिडलंय, साहेइजी जाऊन गप्पा मारतो, दारू पाजतो, बक्षिसी उकळतो. दोन बायका भांडतायत, हा मिटवतो. चिठ्ठी लिहून देतो, वसुली करून देतो, बंद पडलेलं घड्याळ दुरुस्त करतो. आठवड्याभरात अशी अवस्था की मालकापासून मोलकरणीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी साहेइजी. गिऱ्हाइकंसुद्धा ‘त्या इनोकोरीला बोलवा’ म्हणू लागतात. नोकरांची वरकड कमाई बुडते म्हणून तेवढे चिडतात.

फ्रँकी साकाईनं ही भूमिका केली आहे. मूळचा जॅझ ड्रमर. युद्धानंतर अमेरिकी तळांवर वाजवणारा, पुढे स्वतःचा विनोदी बँड काढणारा. त्याच्या चालण्यात ताल आहे हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं. एक जागा तर पुन्हा मागे नेऊन पाहण्यासारखी. साहेइजीला कुणीतरी हाक मारतं. तो निघतो, चालता चालताच हातातला अंगरखा वर हवेत फेकतो आणि तो खाली येईपर्यंत दोन्ही हात बाह्यांत गेलेले असतात. पाऊल कुठे अडत नाही. सगळा माणूस त्या एका फेकीत आहे: कशासाठी थांबायला याला वेळ नाही, आणि दिमाख मात्र सोडायचा नाही.

साहेइजी कावाशिमाच्या डोक्यातून निघालेला नाही. तो ‘राकुगो’तून आला. राकुगो म्हणजे जपानी एकपात्री कथाकथन. कलाकार उशीवर गुडघे मोडून बसतो, हातात पंखा आणि एक पंचा, बस्स. मान डावीकडे वळवली की नोकर, उजवीकडे वळवली की मालक. पंखाच कधी काठी, कधी चिलीम, कधी नूडल खायच्या काड्या. शेवटी एक टपली, तिला ‘ओची’ म्हणतात, आणि माणूस वाकून नमस्कार करून उठतो. शंभर-दीडशे वर्षं त्याच गोष्टी, तरी लोक ऐकतात, कारण गोष्ट माहीत असते आणि सांगणारा कसा सांगतो ते पाहायचं असतं. कीर्तनाला जाणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

कावाशिमा, त्याचा सहायक शोहेइ इमामुरा (हाच पुढे फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात दोनदा सर्वोच्च पारितोषिक मिळवणारा) आणि केइइची तानाका या तिघांनी अशा चार-पाच राकुगो कथा उचलल्या आणि एकाच कोठीच्या छपराखाली आणल्या. एका गोष्टीतला गिऱ्हाईक जिन्यात दुसऱ्या गोष्टीतल्या बाईला धडकतो, तिकडे तिसऱ्या गोष्टीतला बाप आरडाओरडा करतो, आणि मधून खऱ्या इतिहासातला ताकासुगी तलवार सावरत जातो. गोधडीचे तुकडे वेगवेगळ्या लुगड्यांचे असतात, पण टाका एक. इथे टाका साहेइजी.

त्यातली ओसोमेची गोष्ट जरा जवळून बघू. साचिको हिदारीनं ती केली आहे. ओसोमे एके काळी कोठीतली पहिल्या नंबरची बाई. आता वय सरकलं, गिऱ्हाइकं तरण्या कोहारुकडे वळली. ठरावीक सणांना बाईनं नवे कपडे करायचे आणि वर नोकरांना ओवाळणी घालायची अशी रीत. त्याचे पैसे कुणा तरी यजमानाकडून काढायचे. ओसोमेला यजमानच उरलेला नाही. सगळ्यांसमोर जुन्या कपड्यांत फिरायचं? त्यापेक्षा मेलेलं बरं. पण एकटीनं जीव दिला तर लोक म्हणणार, पैशापायी गेली. प्रियकराबरोबर दिला तर म्हणणार, काय प्रेम होतं! गाणी होतील, नाटकं होतील. म्हणून ती मनातल्या मनात यादी काढते आणि ज्याच्या मागेपुढे रडायला फारसं कुणी नाही अशा एकाला निवडते. किन्झो. पाठीवर पुस्तकांचं बोचकं घेऊन दारोदार भाड्यानं पुस्तकं देणारा. ओसोमे आपल्यासाठी मरायला तयार आहे हे ऐकून त्याला धन्य वाटतं.

रात्री दोघं कोठीच्या मागच्या धक्क्यावर जातात. किन्झो कचरतो. पाणी गार असेल, मला सर्दी होते. ओसोमे त्याला ढकलून देते. आता ती स्वतः उडी मारणार, एवढ्यात मागून हाक: पैसे आले! कुणीतरी गिऱ्हाईक पैसे घेऊन आलं. ओसोमे पाण्याकडे बघते, हाक आली तिकडे बघते आणि पाण्यातल्या माणसाला सांगते की तुम्ही व्हा पुढे, मी येईन सावकाश. मग पदर झटकून घरात. आणि किन्झो? शिनागावाचा समुद्र उथळ. तो उभा राहतो तर पाणी कमरेपर्यंत. पुढे तो मेल्याचं सोंग घेऊन वसूल करायला परत येतो, पण सोंगाच्या बाबतीत साहेइजी त्याचा बाप आहे.

हसून झालं की ओसोमेचा हिशेब आठवतो. तिची किंमत ती स्वतः रोज मांडते आणि रोज ती कमी होत जाते. दिग्दर्शकानं कुठेही करुण संगीत लावलेलं नाही.

कोहारुची गोष्ट उलट. तिची चलती आहे, त्यामुळे ती लग्नाची वचनं वाटत सुटते. कुमानोच्या देवस्थानच्या, कावळ्यांचा छाप असलेल्या कागदावर शपथ लिहून द्यायची पद्धत होती. शपथ मोडली की कुमानोतले तीन कावळे मरतात असा समज. कोहारुनं असे कागद इतक्यांना दिलेत की देव्हारे विकणारा एक म्हातारा आणि त्याचा सख्खा मुलगा, दोघांच्याही खिशात तिचीच शपथ निघते. याच कावळ्यांवरून रचलेली एक दोन ओळींची लावणीवजा रचना ताकासुगीच्या नावावर सांगतात: तिन्ही लोकांतले कावळे मारून टाकावेत, म्हणजे तुझ्याजवळ सकाळी उशिरापर्यंत लोळता येईल. (कावळे ओरडले की पहाट झाली, आणि गिऱ्हाइकानं उठायचं.) क्रांती करायला निघालेल्या पोराची खरी इच्छा ही!

ओसोमे आणि कोहारुची मारामारीही बघण्यासारखी. अंगणात सुरू होते, जिन्यावरून वर जाते, सज्जातून पुढे सरकते, आणि कॅमेरा लांबून, वरून बघत राहतो. दोघी केस उपटत, किमोनो फाडत पूर्ण वाडा फिरतात. कोठीचा नकाशा मला समजला तो या भांडणातून.

साहेइजी आणि ताकासुगी यांची गाठ घड्याळावरून पडते. सुरुवातीला सामुराई आणि इंग्रजांची झटापट होते, त्यात एक खिशातलं घड्याळ पडतं आणि ते सापडतं साहेइजीला. एदोत तेव्हा दिवस आणि रात्र यांचे प्रत्येकी सहा प्रहर मोजत, आणि उन्हाळ्यात दिवसाचा प्रहर लांब, हिवाळ्यात आखूड. मिनिटांवर चालणारं पाश्चात्त्य घड्याळ अशा गावात निव्वळ खेळणं. पण साहेइजी ते उघडून, चाकं पुसून चालू करतो. परक्यांना हाकलायला निघालेल्यांना परक्यांचं घड्याळ हवंय, आणि दुरुस्त करतोय तो फुकट्या!

सामुराईंना वकिलातीचा नकाशा हवा असतो. साहेइजी तो सुताराकडून मिळवतो, कारण वकिलातीचं काम हाच सुतार करतोय आणि त्याचीच मुलगी, ओहिसा, बापाच्या कर्जापायी आता वाढपी बाई व्हायच्या बेतात आहे. मालकाचा उधळ्या मुलगा तिच्यावर जीव टाकून बसलेला. साहेइजी एका दगडात सगळे पक्षी मारतो. सामुराईंना नकाशा, पोरांना पळून जायची वाट, आणि स्वतःला प्रत्येक बाजूनं दलाली.

पण त्याला कट कळलाय. म्हणून ताकासुगी त्याला होडीतून पाण्यावर नेतो. दोघंच. ताकासुगीची भूमिका युजिरो इशिहाराची, तेव्हाचा सगळ्यात तडफदार तरुण नट. समोर फाटका साहेइजी. तुला मारावं लागणार, असं कळल्यावर तो पहिल्यांदाच हसणं बाजूला ठेवतो. त्याच्या बोलण्याचा मथितार्थ असा: अडचण झाली की चिल्लर माणसाचा जीव घ्यायचा, हेच का तुमचं दोन तलवारींचं शास्त्र? शेतकऱ्या-कारागिरांकडून पिळलेल्या पैशावर तुम्ही देशभक्ती करता, ते तुम्हाला जमतं. आम्हाला आमच्या अकलेवर पोट भरायचं असतं. मुंडकं उडालं तरी मी हलत राहीन. शेवटचं वाक्य काबुकी रंगभूमीवरच्या एका गाजलेल्या भूतनाट्यातलं आहे, आणि साहेइजीनं ते अशा झोकात फेकलंय की ताकासुगीला हसू येतं. आख्ख्या चित्रपटात बिल खरोखर कोण भरतं, याचं उत्तर त्या होडीत मिळतं.

इथे थोडं थांबून एक गोष्ट. पडद्यावर खोकतो साहेइजी. प्रत्यक्षात क्षयानं गेला तो ताकासुगी, १८६७ च्या मे महिन्यात, वय सत्तावीस. त्याच वर्षाच्या अखेरीस शेवटच्या शोगुननं सत्ता सम्राटाला परत केली. ताकासुगीला ते बघायला मिळालं नाही. कुसाका त्याआधीच, १८६४ मध्ये क्योतोच्या लढाईत संपला होता. म्हणजे होडीतला तो रुबाबदार सामुराई साडेचार वर्षांचा सोबती, आणि फाटका माणूस ‘मी हलत राहीन’ म्हणतोय. जपानी प्रेक्षकाला हे कुणी सांगावं लागत नाही.

आता तो सूर्य. १९५६ मध्ये शिंतारो इशिहारा या विद्यार्थ्याच्या कादंबरीनं जपानमध्ये खळबळ उडवली. श्रीमंत बापांची पोरं, बोटी, दारू, बेछूट प्रेमप्रकरणं. अशा पोरांना ‘ताइयोझोकु’, सूर्यजमात म्हणू लागले. निक्कात्सुनं त्यावर सिनेमे काढून गल्ला भरला आणि लेखकाचा धाकटा भाऊ युजिरो रातोरात स्टार झाला. कावाशिमानं त्याच युजिरोला सामुराई केलं आणि चित्रपटाच्या नावात सूर्य घातला. म्हणणं सरळ आहे: १८६२ चे हे बेफाम सरदारपुत्र म्हणजे त्या काळची सूर्यजमातच. मात्र नायकपद स्टारला न देता ड्रमरला दिलं. कावाशिमानं त्यानंतर निक्कात्सु सोडलं.

खोडी आणखी आहे. चित्रपट सुरू होतो तो १८६२ मध्ये नव्हे, १९५७ मध्ये. रेल्वे, मोटारी, आणि रस्त्याकडेच्या त्याच जुन्या वस्तीतल्या बायका. १९५६ मध्ये जपाननं वेश्याव्यवसायबंदीचा कायदा केला होता, आणि शिक्षेची कलमं १ एप्रिल १९५८ पासून लागू व्हायची होती. चित्रपट लागला जुलै १९५७ मध्ये. म्हणजे शतकानुशतकं चालत आलेली शिनागावाची वस्ती पडद्यावर अखेरचा श्वास घेतेय, आणि निवेदक तेवढं दाखवून प्रेक्षकाला शंभर वर्षं मागे नेतो. शोगुनशाहीची अखेर सांगता सांगता समोरची अखेरही सांगून होते.

शेवटाबद्दल तर आजही वाद घालतात. मोकुबेए नावाचा एक खेडवळ, पैसेवाला, चिकट गिऱ्हाईक कोहारुला भेटायचंच म्हणून अडून बसतो. तिला तो नको असतो. साहेइजी ठोकून देतो की ती वारली. मोकुबेए म्हणतो, मग थडगं दाखव. झालं, पहाटेच्या स्मशानात दोघं. साहेइजी कुठल्यातरी दगडाशी उभा करून फुलं वाहायला लावतो, मोकुबेए नाव वाचतो तर भलतंच. दुसरा दगड, तोही भलताच. राकुगोत इथे टपली येते: इतके आहेत, त्यातलं आवडेल ते निवडा की साहेब! (कोठीत गिऱ्हाइकाला बाई निवडायला सांगतात, नेमके तेच शब्द.) सिनेमा मात्र टपलीवर थांबत नाही. मोकुबेए संतापून ओरडतो की असं खोटं बोलशील तर नरकात जाशील. साहेइजी उलट ओरडतो, कसला नरक आणि कसला स्वर्ग, मी अजून खूप जगणार आहे! आणि खोकत, अंगरखा सावरत, समुद्राकाठच्या रस्त्यानं पळत सुटतो.

कावाशिमाला खरं तर आणखी पुढे जायचं होतं. साहेइजीनं पळत पळत स्मशानाच्या सेटबाहेर पडायचं, स्टुडिओचं दार ओलांडायचं आणि थेट १९५७ च्या शिनागावात घुसायचं. तिथे सगळी पात्रं आजच्या कपड्यांत उभी, आणि हा मधून किमोनोत धावतोय. साकाई, इमामुरा, सगळ्यांनी विरोध केला. प्रेक्षकाला काही कळणार नाही, असं त्यांचं म्हणणं. कावाशिमानं ऐकलं.

तेव्हा तो एकोणचाळीस वर्षांचा होता आणि स्वतः आजारी होता. स्नायूंच्या दुखण्यानं त्याला चालणं जड जाई, आणि ते तो लपवत असे. १९६३ मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी तो गेला. साकाईबरोबर त्याला एक शेवटचा चित्रपट करायचा होता, शाराकु या अठराव्या शतकातल्या गूढ चित्रकारावर. साकाईनं तो विषय सोडला नाही. दिग्दर्शक दुसरा मिळाला, पैसे उभे राहिले, १९९५ मध्ये ‘शाराकु’ पडद्यावर आला. साकाई तोवर साठी ओलांडलेला. ज्या चित्रकाराची भूमिका करायची होती ती वयामुळे हातची गेली होती, म्हणून तो त्यात चित्रकाराच्या प्रकाशकाच्या भूमिकेत दिसतो, छपाईचा हिशेब बघणाऱ्याच्या.